विहिरींच्या वहीचं अक्षर

रजियाबीचं पत्र आलं ते पोळ्याच्या आठवड्यात. आता वैशाख सरत आला होता, कुलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी भरावं लागत होतं, तरी पुंजारामजींनी त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र काही लांबलचक नव्हतं. बाळापूरहून रजियाबीनं सांगितलेलं आणि नात उज्मानं लिहून घेतलेलं, वहीचं दीड पान. "पुंजारामभाऊंना सलाम. आमचे हे गेले त्याला वर्ष झालं. त्यांची विहिरींची वही तुम्हाला ठाऊक आहे. ती छापावी असं घरात सगळ्यांना वाटतं, पण त्यांचं अक्षर कोणालाच लागत नाही. ते म्हणायचे, माझं अक्षर एक अल्लाला वाचता येतं आणि दुसरं अकोल्याच्या प्रेसमधल्या पुंजारामला. तुम्ही वाचून सांगाल का? पानांचे फोटो सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये आहेत. नाही म्हणालात तरी राग नाही."

वही लिहिणारा इनायतुल्ला पंप दुरुस्त करणारा मिस्त्री होता. खारपाणपट्ट्यातल्या गावोगावी त्यानं चाळीस वर्षं विहिरींवरच्या मोटारी खोलल्या. या पट्ट्यात बहुतेक विहिरींचं पाणी खारं. जिथं गोडं लागलं तिथल्या लोकांना त्याचं कोण कौतुक. इनायतुल्ला प्रत्येक विहिरीचं पाणी चाखायचा, ती कोणी खणली ते विचारायचा आणि रात्री वहीत टिपून ठेवायचा. कागद कमी लागावा म्हणून अक्षर असं बारीक, की तिळावर कोरल्यासारखं. बिलबुकं छापायला तो अकोल्याला यायचा, तेव्हा प्रेसमधल्या मुद्रितशोधकाच्या टेबलाशी बसून वहीतलं एखादं पान पुढे करायचा. तो मुद्रितशोधक म्हणजे आपले पुंजारामजी. चौतीस वर्षं त्यांनी प्रुफं वाचली आणि मग दर्यापूरला घरी येऊन बसले.

पत्राला उत्तर न देण्याचं एक कारण डोळ्यांत होतं. उजव्या डोळ्याच्या मधोमध धूसर डाग पडला होता, डावाही त्याच वाटेवर होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, चष्मा बदलून उपयोग नाही; अक्षर मोठं करा, मोठं तेवढं दिसेल. दुसरं कारण स्वभावात होतं. एखाद्या विहिरीचं नाव चुकीचं वाचलं, तर मेलेल्या मित्राच्या तोंडी खोटं घातल्यासारखं होईल. हस्तलिखित बघितल्याशिवाय हो कसं म्हणायचं? आणि मित्राच्या बायकोला नाही तरी कसं म्हणायचं? तीनदा त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, तीनदा फाडलं. मनाची समजूत मात्र पक्की होती: प्रेसमध्ये मुद्रितशोधकाची सही होईपर्यंत छपाईचा फॉर्म थांबूनच राहतो, आपल्या सहीवाचून काही पुढे जात नाही. तशी रजियाबीची वहीही थांबलेली असणार.

रविवारी मुलगा अंकुर आणि सून अपेक्षा अमरावतीहून आले ते नवा कॉम्प्युटर घेऊनच. अपेक्षानं तो मराठीत करून दिला, डिस्प्लेची सेटिंगं कुठे सापडतात ते दाखवलं आणि संध्याकाळी दोघं परत गेले. "मामाजी, याच्यावर अक्षर पायजे तेवढं मोठं होते," ती जाता जाता म्हणाली. "भेऊ नोका. तुमच्यानं काही बिघडत नाही."

सोमवारी अंघोळ आटोपून पुंजारामजी पडद्यासमोर बसले. बाहेर ओसरीत माणिकबाई, त्यांची बायको, मुगवड्या घालत होती. पडद्यावरची अक्षरं सहा पॉइंटांच्या टायपासारखी बारीक, नजरेला लागतच नव्हती. नाक काचेला टेकवून त्यांनी डिस्प्लेचं पान उघडलं, 'रिझोल्युशन' म्हणून आकड्यांची यादी होती तीत खालचा एक आकडा निवडला. पडदा काळा झाला आणि लगेच सगळं पुन्हा उजळलं. अक्षरं खरंच मोठी झाली होती! मधोमध एक चौकट आली: हे बदल ठेवायचे का? खाली दोन बटणं, 'ठेवा' आणि 'परत फिरवा'.

पुंजारामजी मागे रेलून बघू लागले. मोठी तर झाली, पण कडा फुगल्यासारख्या दिसताहेत. छपाईच्या खिळ्यांना शाई जास्त लागली की असंच होतं. हे पास करावं का? की आणखी एक आकडा बघावा? त्यांचा विचार चाललेला असतानाच पडदा पुन्हा काळा झाला आणि अक्षरं होती तशी बारीक झाली.

त्यांनी पुन्हा तोच आकडा निवडला. पुन्हा चौकट, पुन्हा विचार, पुन्हा काळोख. तिसऱ्यांदाही तेच झालं.

"काय होऊन राहिलं वो?" माणिकबाईनं बाहेरून विचारलं.

"मशीन खराब दिसते. मोठं करते आन् मांगं घेते."

"मंग तुमच्याच वळणावर गेलं म्हना. एका दिवसात शिकलं."

शेवटी दुपारी त्यांनी अपेक्षाला फोन लावला. ती ऑफिसात डबा खात होती. त्यांनी सारी हकिकत सांगितली.

"त्यानं ठेवू का म्हणून इचारलं, तवा तुमी काय केलं मामाजी?"

"मी पायत होतो."

"नुसतेच पायत होते?"

"बरोबर हाये का नाही ते ठरवत होतो ना."

अपेक्षा घास तोंडात असतानाच हसली. "अवो, थे पंधराच सेकंद वाट पायते. एखाद्याचा पडदा बिघडला, त्याले बटनच दिसत नसन, त थो बिचारा काय दाबन? म्हणून कोणी बोललं नाही, का थे आपलं जुनं परत आणते."

"पण मी नाही कुठं म्हणलं?"

"आन् हो तरी कुठं म्हणलं? गप बसलं का नाहीच समजतेत सारे. मशीनले काहून दोष देता?"

मग तिनं सांगितलं, की तो आकडा घ्यायचाच नव्हता, त्यानं अक्षर धुरकट होतं. तो होता तसा वरचाच ठेवा, आणि जवळच 'मजकुराचा आकार' आहे, तिथं एकशे पंचाहत्तर टक्के करा. "थे तुमाले काही इचारत नाही. करून मोकळे व्हा."

फोन ठेवून पुंजारामजी पडद्याकडे वळले. माणिकबाई हात पुसत आत आली.

"काय म्हणे सूनबाई?"

"म्हणते, गप बसलं का नाही समजतेत."

"खरं हाये मंग. रजियाबीनं बी तेच समजलं असन." तिनं आवाज चढवला नाही, नेहमीच्या सुरात म्हणाली. "नऊ महिने झाले. एक त वही पेटीत गेली असन, नाही त दुसऱ्या कोणाले देल्ली असन. तुमाले वाटते सारी दुनिया तुमच्या सहीसाठी खोळंबली हाये."

हा विचार पुंजारामजींना एकदाही शिवला नव्हता. आपण कोणाला दुखवत नाही, फक्त थोडं थांबवतो आहोत, एवढंच ते इतके दिवस धरून चालले होते. आणि तिकडे त्या बाईनं दर आठवड्याला पोस्टमनची वाट पाहून कधीतरी वाट पाहणं सोडून दिलं असेल. त्यांचा हात माउसकडे गेला.

त्यांनी आकार एकशे पंचाहत्तर केला. अक्षरं मोठी झाली आणि कडा सुरीनं कापल्यासारख्या राहिल्या. आता हे त्यांच्या घरचं काम होतं. टायप मोजण्यात हयात गेलेली. हे अठरा पॉइंट, हे कमी पडतंय, मजकूर आणखी वाढवून चोवीसवर आणला. पडद्यावर खिडकीचा उजेड पडत होता, त्यांनी खिडकी लावून घेतली. पांढरं डोळ्यांना बोचत होतं, प्रकाश निम्म्यावर उतरवला. बाण सापडेना, तो मोठा आणि काळा केला. काय करून राहिले, असं माणिकबाईनं विचारलं तेव्हा "मजकूर लावून राहिलो," असं त्यांनी मान न वळवता सांगितलं. कित्येक वर्षांत त्यांनी असं उत्तर दिलं नव्हतं.

मग पेनड्राइव्ह लावला, पहिल्या पानाचा फोटो उघडला आणि वाढवत वाढवत नेला. धूसर डागाच्या बाजूनं, तिरप्या नजरेनं बघता बघता इनायतुल्लाचं अक्षर पडद्यावर उभं राहिलं. शिरोरेघ तो कधी मारायचाच नाही, मिस्त्रीला तेवढा वेळ कुठला. त्याचा 'र' म्हणजे अर्धा वाकवलेला खिळा. पुंजारामजींनी मोठ्यानं वाचलं:

"बाभळीखालची विहीर. पाणी तुरट, पण डाळ शिजते. सासऱ्यानं खणली, सुनेच्या नावानं ओळखतात."

"अगं बाई," माणिकबाई खाली बसली. "वाचा पुढं."

त्यांनी वाचलं. पुढच्या ओळीत एक शब्द अडला. तो एकटाच अख्ख्या पडद्याएवढा केला, तरी लागला नाही. हेच भय होतं. पण प्रेसमध्ये असं झालं तर ते काय करायचे? समासात प्रश्नचिन्ह मारायचे आणि पुढच्या ओळीवर जायचे. मुद्रितशोधकाला सगळं येतं असं मालकानंही कधी धरलं नव्हतं. त्यांनी कोऱ्या कागदावर ओळ उतरवली, शब्दाच्या जागी प्रश्नचिन्ह मारलं आणि पुढे गेले.

चार वाजेपर्यंत तीन पानं झाली. डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा थांबले. मग जाड पेन घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"रजियाबी, उत्तराला नऊ महिने लावले, चूक माझी. हो, मी वही वाचतो. तीन पानं वाचून झाली, सोबत पाठवली आहेत. दोन शब्द लागले नाहीत, तिथं प्रश्नचिन्ह आहे. गावात कोणा म्हाताऱ्याला ती विहीर ठाऊक असेल, तर उज्मानं विचारावं. वही तुम्ही दुसऱ्या कोणाला दिली असेल तर ही पानं त्याच्या उपयोगी पडतील. दिली नसेल तर पुढची पानं पुढच्या आठवड्यात पाठवतो. पुंजाराम."

"फोन करा ना बाप्पा, इतकं लिहीत काय बसले?"

"फोनवर बोललेलं उद्या मीच फिरवीन. कागदावरचं फिरवता येत नाही."

मंगळवारी पोस्ट उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. खिडकीतल्या मुलीनं पाकीट तोललं, पत्ता बघितला.

"अक्षर मोठं हाये काकाजी तुमचं. बाळापूर ना?"

"हाव. बाळापूर."

"स्पीड पोस्ट करू का साधं?"

"स्पीड कर. लय उशीर झाला."

तिनं चिकटपट्टी लावली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं. पुंजारामजी तिथंच उभे होते. "सरका ना भाऊ, झालं ना तुमचं," रांगेतला मागचा माणूस म्हणाला.

"झालं," पुंजारामजी म्हणाले, आणि बाजूला झाले.