शेठचा पहारा

गंगापूर रोडच्या कडेला, कारखान्याच्या धुराड्याखालच्या गावात सप्ताह बसला होता. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जाते. दुपारी वीणा धरायचा पहारा सारजाबाईचा होता. ओठांवर माउलीचं नाव, पण मनात एकच घोळत होतं: आज शेठच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं.

तिची सून तनुजा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. लेकरू ओंजळीत मावंल एवढं. दोन दिवस धापा टाकल्या नि गेलं. आळीत असं आणखी दोघींचं झालेलं. गाव धुराची तक्रार घेऊन कारखान्यावर गेलं, तर मालक शिवराजशेठ हसले. "अहो, नुसती वाफ आहे ती. सुनेला नीट खाऊ घाला."

आजचा महाप्रसाद ह्याच शेठचा. दिवस कलताना, धूर खाली उतरायच्या वेळी ते आले आणि वीणेपुढं वाकले. रीतीनं सारजाबाईनंही उलट वाकायचं. ती वाकली नाही. वीणा काढून तिनं शेठच्याच गळ्यात घातली.

"आता पहारा तुमचा. लई मान असतो."

फोटो निघाले. शेठ खुशीत डोलू लागले. मग बदली शोधत इकडंतिकडं बघू लागले. पुढचा पहारा कडुबाचा. तो मांडी घालून टाळ कुटत राहिला. बाकीच्यांनी डोळे मिटले. सारजाबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच पडली नाही.

धूर मांडवात शिरला. शेठला ठसका लागला. ते वीणा उतरवू लागले.

"खाली ठेवू नगा, सप्ताह मोडंल," कडुबा म्हणाला.

"मग घ्या की कुणीतरी."

"घेऊ की. घाई काय, वाफच तर हाय."

मांडवभर खसखस पिकली.

"अहो, दवाखान्यातून थेट आलोय. सूनबाई गाडीत आहे, सहावा महिना लागलाय. ह्या धुरात तिला ठेवायचं नाही म्हणून डॉक्टरांनी…"

टाळ थांबले. शेठही थांबले.

"म्हंजी ठावं हाय तुम्हाला," सारजाबाई म्हणाली. बायकांत बसलेल्या तनुजानं मान वर केली.

सारजाबाई गाडीपाशी गेली. काचेआड कोवळी पोर भेदरून बघत होती. "लेकीला घरी ने, काचा उघडू नगंस," तिनं ड्रायव्हरला बजावलं. गाडी गेली, तशी ती परत येऊन शेठपुढं बसली.

"तुमची सून गेली सुखरूप. पांडुरंग तिची कूस राखो."

"मग आता तरी घ्या ही वीणा."

"तनुजा म्हणंल तवा."

सगळे तनुजाकडं बघू लागले. तिनं पदर सावरला, शेठकडं डोळाभर पाहिलं, आणि गावाला येत होते त्यांतला सगळ्यात लांब अभंग धरला.