मैनाच्या नावाचा पेला

मित्रांनो, स्टीलचा जुनापुराणा पेला म्हणून मला बाजूला सारू नका. माझ्या काठाला पोचा आहे, बुडाला चरे आहेत, सगळं कबूल. पण माझ्या पोटावर एक नाव आहे, आणि त्या नावासाठीच मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

सावर्ड्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मी उपडा पडून होतो. एका तरुणाने मला उचललं, नखाने टणकन वाजवून बघितलं आणि दुकानदाराला म्हणाला, "बहिणीच्या लग्नात द्यायचाय, नाव नीट घाला." मग ते नाव घालायचं मशीन माझ्या अंगावर चाललं. अहो, काय कळा सोसल्या म्हणून सांगू! पण अक्षर मात्र सुबक उमटलं. 'चि. सौ. कां. मैना हिस, भावाकडून.' बाकीचे पेले माझ्याकडे बघतच राहिले.

मैनाबरोबर मी तिच्या सासरी आलो. रत्नागिरीपासून आत, डोंगराच्या कुशीत तिच्या नवऱ्याचं, महिपतचं, जांभ्या दगडाचं घर होतं. मैना माझ्यातूनच पाणी प्यायची, माझ्यातूनच चहा. एकदा महिपतने मला हात लावला तर म्हणाली, "अवो, माज्या भावाचा पेला हाय तो. ठेवा खाली." तो हसला आणि त्याने मला मुकाट्याने खाली ठेवलं. ती मला चुलीतल्या राखेने घासायची आणि पुसून फळीवर पुढे मांडायची. फार मान होता हो माझा त्या घरात.

त्यांचा मुलगा नितेश मोठा होऊन मुंबईला कामाला लागला. गणपतीला घरी आला की आईसाठी पांढऱ्या, खडूसारख्या मोठ्या गोळ्यांची बाटली आणायचा. कॅल्शियमच्या गोळ्या होत्या त्या. घरात सगळे त्यांना ताकदीच्या गोळ्या म्हणायचे. मैनाचे गुडघे दुखायचे ना! शेजारणींना बाटली दाखवताना तिचा चेहरा कसा फुलायचा. "माज्या नितेशनं आणल्यान," ती सांगायची. रोज रात्री जेवण झालं की दुधाबरोबर ती गोळी घ्यायची. दूध अर्थात माझ्यात.

मग ती भाताची वाईट लावणी आली. मैनाच्या टाचांना भेगा पडलेल्या, तशीच ती चिखलात उभी राहून रोपं लावत होती. पुढे ताप भरला, डोकं ठणकू लागलं, पोटऱ्या दुखून येऊ लागल्या. "अंग मोडून आलंय, उतरंल," म्हणत तिने चार दिवस अंगावर काढले. शेवटी महिपत तिला रत्नागिरीला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी तपासून लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखलापाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय सांगितला आणि अँटिबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या. मी तिथे होतोच. वाटेत मैनाला पाणी लागेल म्हणून महिपतने मला पिशवीत घेतलं होतं.

"दुसरं काही औषध चालू आहे का, मावशी?" बाईंनी विचारलं.

"नाय," मैना म्हणाली.

ती खोटं बोलली नाही, मित्रांनो. ताकदीची गोळी म्हणजे औषध, असं त्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ते तर मुलाने आणलेलं खाणं.

घरी आल्यावर महिपतने स्वतः दूध गरम केलं. कडक गोळी उष्ण पडते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. म्हणून त्याने कॅप्सूल आणि ताकदीची गोळी दोन्ही तिच्या हातावर ठेवल्या.

"दुधाबरोबर घे गो, उष्ण पडायचं नाय. आणि ही घेतलीस म्हंजे अशक्तपणा येणार नाय."

सकाळ-संध्याकाळ हेच चालू राहिलं. तो तिच्या पाठीला हात देऊन उठवायचा आणि मला तिच्या ओठांना लावायचा. इतक्या प्रेमाने त्या घरात मला कधी कुणी धरलं नव्हतं. तरी ताप हटेना. मग डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. जाताना मला न्यायचं कुणाला सुचलं नाही.

मैना परत आली नाही.

बाराव्याच्या दिवशी नितेश ओट्यावर बसून बापाला सांगत होता, ते मी ऐकलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घरच्यांना खोदून विचारलं, तेव्हा दूध आणि गोळ्यांचं कळलं होतं. गोळीतलं आणि दुधातलं कॅल्शियम त्या कॅप्सूलमधल्या औषधाला पोटातच धरून ठेवतं, रक्तात नीट उतरू देत नाही. "त्यानंच गेली असं नाय म्हणत ते, आप्पा. उशीरपण झाला होता. पण औषध पुरतं लागू पडलं नसेल म्हणाले." महिपत ओट्यावरून उठला. आत आला, मला उचललं आणि माळ्यावर टाकून दिलं. मी रडलो असतो, पण पेल्याला कुठलं आलंय रडणं!

माळ्यावर माझ्यात कोळ्याने जाळं केलं. खाली महिपत एकटाच जेवायचा, त्याच्या ताटाचा आवाज यायचा. त्याचा राग मला कळत होता. तो माझ्यावर नव्हता.

यंदा महिपतच्या पायाला जखम होऊन पाय सुजला. नितेश त्याला घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेला. परत आल्यावर नितेश शेजाऱ्यांना सांगत होता, "आप्पांनी बाईंच्या टेबलावर पहिल्यांदा ती ताकदीच्या गोळ्यांची बाटली ठेवली. म्हणाले, मी हीपण घेतो, दूधपण पितो. चालंल काय?" बाईंनी त्यालाही तसल्याच कॅप्सूल दिल्या होत्या आणि नीट समजावलं होतं. कॅप्सूल चालू आहेत तोवर ही गोळी बंद. कॅप्सूल दुधाबरोबर नाही, भरपूर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.

मित्रांनो, ताकदीची गोळी असो, पावडर असो की काढा, डॉक्टरांनी विचारलं की सगळं सांगा. त्यांनी नाही विचारलं, तर तुम्ही विचारा. कुठलं औषध कशाबरोबर चालतं, हे घरच्या घरी ठरवू नका. माया कितीही असली तरी तिला ते कळत नाही हो.

त्या संध्याकाळी महिपत लंगडत शिडी चढला आणि त्याने मला माळ्यावरून खाली काढलं. राखेने घासलं, मैना घासायची तसं. साधं पाणी काठोकाठ भरलं, कॅप्सूल घेतली आणि ओट्यावर ताठ बसून राहिला. त्याचा अंगठा माझ्या पोटावरच्या नावावरून फिरत होता.

"इचारलं गो मैना," तो म्हणाला, "ह्या खेपेला इचारलं."