माझी उत्तरसूची खोटी आहे

मी एक प्रश्नसंच आहे. गणिताचा. छप्पन्न पानं, वर प्लास्टिकचं कव्हर, कडेला काळं स्पायरल. एमबीएला प्रवेश घ्यायचा तर सीईटी द्यावी लागते; तिच्यातल्या गणिताच्या तयारीसाठी लातुरात माझा जन्म झाला. आणि आडवळण न घेता कबूल करतो : माझी शेवटची दोन पानं खोटी आहेत.

चूक माझी नाही. कुणाची, ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची दुपार. छपाईच्या दुकानात संगमेश नावाचा ऑपरेटर माझी पानं लावत होता. तो मधेच थांबला. समोर क्लासचे मालक शिवप्रसाद सर उभे, मोबाइल कानाला.

"सर, उत्तरं 'ब' संचाची दिसायलेत. प्रश्न तर 'क'चे हायत."

सरांनी फोनवर हात ठेवला. "लाव रे. उत्तरं ती उत्तरं. चारला बॅच हाय माझी."

संगमेशनं लावली. माझ्या दोनशे प्रती निघाल्या. पन्नास प्रश्न एका घरचे, पन्नास उत्तरं दुसऱ्या घरची. मला वाटलं, चार दिवसांत कुणीतरी बोंब मारेल. गणिताचा क्लास आहे, तिथं गणित येणारी माणसं असतील!

क्लासची एक पद्धत होती. नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात मला घरी न्यायला द्यायचे. पेन्सिलनं सोडवायचं, मागच्या उत्तरसूचीवरून आपलं आपण तपासायचं आणि गुण सांगायचे. चाळीसच्या वर गुण असले की खालच्या एसी हॉलमधली 'स्टार बॅच'. बाकीचे वरच्या पत्र्याच्या खोलीत. मग मला खोडरबरानं स्वच्छ करून परत द्यायचं, पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी.

आता काय घडलं ते ऐका. मी ते माझ्या पानांवर सोसलंय.

बहुतेकांनी मला घरी नेऊन आधी पालथं घातलं. शेवटचं पान उघडलं आणि सरळ अक्षरं उतरवून काढली. त्यांना अठ्ठेचाळीस पडले. ज्यांनी खरोखर डोकं चालवलं, कागद काळे केले, त्यांना आठ, नऊ, अकरा. पाच पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी पन्नासात दहा येतात. हुशार पोरांना डोळे मिटणाऱ्याइतकेच गुण पडतात, हे एका गणिताच्या मास्तराला खटकू नये? तीन वर्षं?

खटकलं नाही. उलट कुणी एखादं उदाहरण विचारलं, की सर आधी शेवटचं पान बघायचे, मग फळ्याकडे बघायचे आणि त्या खोट्या उत्तरापर्यंत पोचणारी एखादी 'ट्रिक' तिथल्या तिथं जन्माला घालायचे. पोरं ती वहीत चौकट करून लिहायची. मी फळ्यासमोरच्या बाकावर पडून ते बघत होतो. छापलेल्या खोट्याला एवढा मान!

यंदा परीक्षेला महिना उरला असताना मी लुंबिनीच्या हाती आलो. अहमदपूरची बी.कॉम. झालेली मुलगी. वडील आनंदराज तिथल्या मार्केट यार्डात मापाडी, म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलून देणारे. लुंबिनीनं मला सहा दिवस सोडवलं. शेवटचं पान सातव्या दिवशी उघडलं. गुण नऊ.

तिनं पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. मग तिनं काय करावं? स्वतःची उत्तरं खोडली आणि माझी अक्षरं त्यावर गिरवली. क्लासमध्ये गुण मात्र खरे सांगितले, नऊ. खोडरबर चालत होतं तेव्हा मला ओरडावंसं वाटत होतं. पण पुस्तकात शब्द असले तरी आवाज नसतो.

शिवप्रसाद सरांनी तिला बोलावलं. "बाळा, राग मानू नको. गणित तुझा प्रांत न्हाई. यंदा सीईटी देऊ नको, उगं क्लासचा निकाल खाली येतो. बाहेरून एम.ए. कर."

नांदेडचं परीक्षा केंद्र आलेलं होतं. परीक्षेला तीन आठवडे होते. लुंबिनी मला पिशवीत घालून गावी आली आणि दुपारी वडिलांचा डबा घेऊन यार्डात गेली.

"पप्पा, मी नांदेडला जाणार न्हाई."

"का बरं?"

"पन्नासात नऊ पडले."

आनंदराज भाकरी मोडता मोडता थांबले. "धाव्वीला गणितात ब्याण्णव आणलेली तू. नऊ कसे पडतील? वाच बरं एखादं. बघू तरी काय विचारू लालेत."

तिनं सतरावा प्रश्न वाचला. एका ढिगातल्या सोयाबीनमध्ये चौदा टक्के ओलावा, दुसऱ्यात दहा टक्के. कोणत्या प्रमाणात मिसळले तर अकरा टक्के येईल?

"ह्यात काय हाय? एक वाटा ओला, तीन वाटे वाळलेला."

"मीबी तेच काढलं होतं. पण उत्तर तीनास एक हाय."

"कोन्या शहाण्यानं लिव्हलं?"

"छापलंय पप्पा."

"छापलंय म्हणून सोयाबीन ऐकतंय व्हय?" ते उठले. शेजारच्या आडत्याकडून ओलावा मोजायचं यंत्र मागून आणलं. मग घमेल्यात एक किलो ओलं सोयाबीन, तीन किलो वाळलेलं, तोलून. हातानं कालवलं. यंत्रात मूठभर टाकलं. काटा अकरावर. मग उलटं केलं, तीन किलो ओलं आणि एक किलो वाळलेलं. तेरा.

"ह्ये तेराचं पोतं घरात ठेव, आठ दिवसांत बुरशी धरतंय," आनंदराज म्हणाले. "तुझ्या सरला म्हणावं, हितं चार दिवस हमाली कर."

लुंबिनी हसली नाही. ती घमेल्याकडे बघत उभी होती. मग तिथंच पोत्यावर बसून तिनं अठरावा प्रश्न उघडला.

तीन दिवस ती मला तपासत होती. उत्तरसूचीवरून नव्हे, प्रत्येक उत्तर प्रश्नात परत घालून. तिनं आधी काढून खोडलेली अडतीस उत्तरं बरोबर निघाली. एके सकाळी खिडकीपाशी तिनं माझं पान तिरपं धरलं आणि तिला दिसलं, की तिच्या अक्षरांखाली आणखी कुणाच्या पेन्सिलीचे वळ आहेत. पहिल्या पानावर पेननं नाव होतं : तनुजा, रेणापूर. त्या मुलीनंही सगळं सोडवलं होतं, सगळं खोडलं होतं आणि वर माझी अक्षरं गिरवली होती. लुंबिनीनं ते वळ एकेक करून वाचले. एक्केचाळीस बरोबर होते. कोपऱ्यात गोल करून लिहिलं होतं, आठ.

दुसऱ्या दिवशी बापलेक लातुरात क्लासच्या दारात. स्टार बॅच सुटत होती. पहिल्या बाकावरचा हरिओम, अठ्ठेचाळीस गुणवाला, तिला बघून थांबला. उत्तरसूची चुकीची असल्याचं तिनं सांगितलं तसा खो खो हसला.

"तू खरंच सोडवलीस? येडी का गं तू! आम्ही सगळ्यांनी मागून उतरवली. दोन मुद्दाम चुकवली, संशय नको म्हणून."

आनंदराज मला घेऊन सरांपुढे उभे राहिले. सरांनी मला चाळलं, सतरावा प्रश्न पाहिला, शेवटचं पान पाहिलं. त्यांना कळलं. मला त्यांच्या बोटांतून कळलं की त्यांना कळलं. आणि ते काय म्हणाले?

"तीन वर्षांत साडेसहाशे पोरं झाली. एकाची तक्रार न्हाई."

"सर, ही तनुजा कोण?" लुंबिनीनं विचारलं.

"होती एक. मधातच सोडून गेली. गणित जमत न्हवतं तिला."

"तिची एक्केचाळीस बरोबर होती, सर."

सरांनी दार लोटलं, आवाज खाली आणला. "हे बघ, बाहेर बोलायचं काम न्हाई. उद्यापासून तू स्टार बॅचमध्ये बस."

"तिथं बसून काय करू? उतरवू? सगळ्यांना बोलवा आणि सांगा, उत्तरं चुकीची हायत म्हणून."

"संच ठेव हितं. क्लासचा हाय तो."

आनंदराजांनी मला उचलून काखेत घातलं. "आता ह्यो पुरावा हाय, सर."

नांदेडला मला परीक्षेच्या खोलीत अर्थातच नेलं नाही. मी फाटकाबाहेर आनंदराजांच्या पिशवीत होतो. अडीच तास त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. लुंबिनी बाहेर आली.

"कसं गेलं गं?"

"एका गणिताचं माझं उत्तर पर्यायातच न्हवतं."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी, हितंबी?"

"न्हाई पप्पा. परत मांडलं. माझंच चुकलं होतं, एक शून्य राहिलं होतं. मग आलं की बरोबर."

हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं, की त्यांना त्यातलं काही विशेष कळलं नाही. मला कळलं. महिन्यापूर्वी या मुलीनं तिथंच पेन ठेवलं असतं.

आता मी तिच्या घरी कपाटावर असतो. शेवटची दोन पानं तिनं फाडली नाहीत. त्यांवर लाल पेननं आडवी रेघ मारली आहे, कुणाला दाखवायची वेळ आली तर असावीत म्हणून. दाखवायची वेळ आली आहे. परवा कळलं, क्लासनं संच पुन्हा छापला. कव्हर नवं, निळं. मागची पानं तीच. कळूनसुद्धा!

म्हणून तुम्हाला सांगतोय. गेल्या तीन वर्षांत ज्यांनी मला प्रामाणिकपणे सोडवलं, ज्यांना दहाच्या आसपास गुण पडले, जे वरच्या पत्र्याच्या खोलीतून गुपचूप घरी निघून गेले आणि ज्यांनी घरी सांगितलं की आपल्याला गणित येत नाही, त्या सगळ्यांना माझा निरोप आहे. तुम्हाला गणित येतं. खोटा मी होतो.