सत्तेचाळिसाव्या पानावरची तीन वाक्यं

निर्भीडपणे लिहून छळ सोसलेल्या लेखकांचा पुरस्कार बाबांना जाहीर झाला, तेव्हा त्यांना जाऊन चार महिने झाले होते. पत्रात शेवटच्या पुस्तकातल्या 'संयत पण धारदार' भाषेचं कौतुक होतं. धारदार बाबा. संयत मी.

एका लेखापायी बाबा चौदा महिने तुरुंगात होते. सुटून आले आणि पुन्हा लिहायला बसले, पेन्सिलीनं, पाठकोऱ्या कागदांवर. टाइप मी करायची. एकदा हातावेगळं केलेलं लिखाण ते पुन्हा वाचत नसत. "ओकलेलं कोणी परत बघतं का?" म्हणायचे. त्याचा मी फायदा घेतला. बंदिवासातल्या लेखकांची आत्मचरित्रं मी कपाटभर वाचली आहेत, धैर्य या विषयावर कधीही अर्धा तास बोलू शकते. बाबांच्या त्या शेवटच्या पुस्तकातून मात्र मी अकरा वाक्यं गाळली आणि गाळता येईना तिथे पदरचं 'कदाचित' घातलं.

पुरस्कार समितीला पुस्तकाचं सत्तेचाळिसावं पान बाबांच्या हस्ताक्षरातलं हवं होतं. काचेच्या पेटीत ते ठेवायचं, शेजारी पुस्तकातलं तेच पान उघडून. नेमकी त्याच पानावरची तीन वाक्यं मी काढली होती: एकात तुरुंगातल्या डॉक्टरचं नाव, दुसऱ्यात त्यानं कोणाच्या हुकमावरून औषध रोखलं ते, आणि तिसरं माझ्याविषयी.

कागद शोधायला आत्या आली होती.

"दुसरं एखादं पान दे," ती म्हणाली. "त्यांना काय कळतंय?"

"हेच मागितलंय."

"मग वाळवी लागली म्हणून सांग."

"वाळवी नेमकी तीन वाक्यं खाते का गं?"

"तुझ्याएवढी शिकलेली असली तर खाते."

मग तिनं पान खिडकीपाशी नेऊन वाचलं. बराच वेळ लागला.

"दादाला ठाऊक होतं?"

"नाही. आत्या, पुन्हा नेलं असतं त्यांना."

"नेलं असतं की. त्याला चाललं असतं. तुला चाललं नसतं."

दुसऱ्या दिवशी पान घेऊन मी समितीच्या कार्यालयात गेले. वाटेत कबुलीजबाब मनाशी रचला होता, चार परिच्छेदांचा, दोन अवतरणांसकट. संयोजक बाईंसमोर तोंडातून निघालं ते एवढंच, "ही तीन वाक्यं मी गाळली. आणखी आठ आहेत."

बाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवून ओळींवरून बोट फिरवलं. "तुमच्यावर दबाव होता?" त्यांनी जरा आशेनं विचारलं.

"नाही."

"धमकी? प्रकाशकाचा आग्रह?"

"कोणाचाच नाही. मी घाबरले."

छळाच्या कोणत्या रकान्यात मला बसवावं, ते त्यांना कळेना. शेवटी त्या म्हणाल्या, "पुरस्कार बाबांचाच आहे, त्यात बदल नाही. पण स्वीकारायला घरात दुसरं कोणी आहे का?"

"आत्या आहे. तिनं त्यांचं एक अक्षरही गाळलेलं नाही. फारसं वाचलेलंही नाही."

समारंभात मी तिसऱ्या रांगेत बसले. आत्या मंचावर गेली, मानपत्र बगलेत धरलं, चष्मा लावला आणि भाषणाऐवजी ते पान वाचू लागली. पाणी का आलं नाही हे विचारताना तिचा जो आवाज लागतो, त्याच आवाजात. डॉक्टरचं नाव तिनं घेतलं. हुकूम देणाऱ्याचं घेतलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ खोकले. तिनं कागद जरा वर धरला.

मग तिसरं वाक्य: "हे टाइप करायला घेण्याआधी माझी मुलगी उठून दाराला कडी घालील."

सगळे हसले. प्रेमानंच हसले असावेत. मला नक्की सांगता येणार नाही, कारण मी तेव्हा मागे वळून दाराकडे बघत होते.