दार विसरलेलं घर

म्हातारा गवंडी दोन वर्षं घरीच बसून होता. हाताला कंप सुटला, तशी थापी सुटली. "कसा आहे हात?" असं कुणी विचारलं की "गेला!" म्हणायचा आणि दुसऱ्या हाताने तो दाबून धरायचा.

सूनबाईने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी केली होती. तिने आत रचलेले दगड दोनदा कोसळले आणि तिचा एकुलता एक मासा जो पंपामागे दडला, तो चार दिवस अन्नाला शिवेना. असंच चाललं तर जगायचा नाही, म्हणून ती सासऱ्याकडे आली.

"बाबा, तुम्हीच रचा. दगड तुमचं ऐकतात."

"माझा हात माझं ऐकत नाही, दगडांचं काय घेऊन बसलीस!" असं म्हणत का होईना, बाह्या सरसावल्याच. "वाळूवर रचलेस ना? हा पठ्ठ्या मासा खालून वाळू उकरतो, मग पडणार नाही तर काय!"

मासा बादलीत गेला. म्हाताऱ्याने वाळू बाजूला सारली, मोठे दगड थेट तळावर टेकवले, मग भोवती वाळू ओढली. वरचा प्रत्येक दगड फिरवून फिरवून बसवला, फटींत दगडाच्या चिपा ठासल्या. हात थरथरत होता, पण दुपार कशी सरली ते त्याला कळलं नाही.

"झाली भिंत! हत्ती बांध आता."

सूनबाई हसली, मग जरा चाचरली. "बाबा, भिंत फक्कड झाली. पण मासा राहणार कुठे?"

म्हातारा बघतच राहिला. जन्मभर फटी बुजवलेला माणूस. नख शिरायला जागा ठेवली नव्हती.

"अरे देवा! घर बांधलं नि दार विसरलो!" त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हात गेलाच होता, आता डोकंही गेलं."

"डोक्याचं डोक्यापाशी. हाताने रचलेला एक तरी दगड हलतोय का, ते बघा आधी."

त्याने एकेक दगड ढकलून पाहिला. एकही हलेना. मग त्याने चिपा उपसल्या, वरचे दगड तिवईसारखे तीन-तीन ठिकाणी टेकवले आणि मधोमध ऐसपैस पोकळी सोडली.

मासा बादलीतून आला, एक फेरी मारून आत शिरला. संध्याकाळी तोंड बाहेर काढून खाऊन गेला, तेव्हा सूनबाईने टाळीच वाजवली.

तेवढ्यात शेजारी डोकावला. "काय, कसा आहे हात?"

"कामात आहे," म्हातारा म्हणाला.