अव्यंग धाकटा

धाकट्या दिराच्या नावाने चिठ्ठी निघाली आणि माझं डोकंच फिरलं. पवित्रस्थानात जाऊन धूप जाळायचा मान याजकाला जन्मात एकदा मिळाला तर मिळतो. आणि तो मिळाला कुणाला? ज्याला सकाळी स्वतःचा कमरपट्टा सापडत नाही, त्याला!

माझा नवरा थोरला. सगळे विधी तोंडपाठ, आवाज खणखणीत, पण एक पाय जन्मापासून आखूड. अंगात व्यंग असलेल्या याजकाने वेदीजवळ जायचं नाही, असा नियम. लंगडा पाय, मोडकं बोट, तुटका कान, काहीच चालत नाही. मागाहून व्यंग आलं तरी सेवा सुटली ती सुटलीच. पवित्र अन्नाचा वाटा तेवढा भावाइतकाच मिळतो. खा आणि गप्प बसा! म्हणून हे मंदिराच्या बाहेरच्या अंगणात, लाकडाच्या खोलीत बसून वेदीचं सरपण निवडतात. किडलेलं लाकूड वेदीवर चालत नाही. ओंडका फिरवून बघायचा, भोक दिसलं की बाजूला टाकायचा. यांनी आयुष्यभर तेच केलं, पण तोंडातून चकार शब्द नाही. "देवाने ठरवलंय, आपण कोण बोलणारे?" म्हणायचे. त्यांच्या वाट्याचं जळायचं कामही माझ्याकडेच होतं म्हणा ना.

त्या सकाळी यांची न्याहारी घेऊन गेले, तर जाऊ आधीच अंगणात मिरवत होती.

"जाऊबाई, धुराने ह्यांना शिंका येतात हो. काही उपाय आहे का?"

"आहे ना. बाहेर थांबायचं," मी म्हटलं.

तेवढ्यात दीर आला. तागाचा पांढराशुभ्र झगा, अनवाणी पाय. आत जाण्याआधी दादाला भेटायला लाकडाच्या खोलीत शिरला. "वहिनी, बघताय ना?" म्हणाला, आणि द्राक्षारसाचा असा भपकारा आला माझ्या नाकात!

पिऊन सेवेला गेला तो मेला, हा नियम तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. अगदी पहिल्या महायाजकाच्या दोन मुलांनी म्हणे पिऊन नको तो विस्तव आत नेला आणि तिथल्या तिथे जळून मेली. बापाला रडायचीही मुभा मिळाली नाही.

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, जाऊ दे मेल्याला. पण तोंडातून भलतंच निघालं. "भावजी, प्यायलात?"

"सासऱ्यांनी आग्रह केला. एकच पेला. आनंदाचा दिवस आहे वहिनी!"

"अहो, मराल!"

"तुम्हाला बघवत नाही, ते सरळ सांगा की."

नव्हतंच बघवत! पण वासही खराच होता. हे उठले.

"धाकट्या, जाऊ नकोस. बरं नाही म्हणून सांग."

"दादा, ही पाळी परत येणार नाही. बाजूला हो."

आतून पुकारा झाला. दीर दाराकडे वळला. यांनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. तर यांनी त्याच्या कानाचा लचका तोडला.

केवढी किंकाळी फोडली त्याने! झगा रक्ताने माखला. धूप घेऊन दुसराच कुणी आत गेला.

दीर जगला. आता कानाला पट्टी बांधून यांच्यासमोर लाकडं निवडतो. जाऊ मला बघितलं की थुंकते. थुंकू दे. नवरा जिवंत आहे तिचा! मी येईल-जाईल त्याला सांगते, आमच्या यांनी भावाचा जीव वाचवला.

परवा दीर घरी गेल्यावर यांनाही तेच म्हटलं. "तुम्ही होता म्हणून वाचला हो तो."

यांनी मान वर केली नाही. "दारात पहारेकरी होते. 'हा प्यायलाय' एवढं ओरडलो असतो, तरी त्यांनी त्याला अडवलं असतं."

"मग ओरडला का नाहीत?"

यांनी हातातला ओंडका फिरवून बघितला.

"ओरडलो असतो तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वेदीवर गेला असता," म्हणाले.