नळी काढून तीन

"साहेब, गाडी तुमच्या माणसानं बिघडवली आणि कागदावर नाव माझं चढवलंत. हे खोटं तुम्हीच लिहिलंय."

तुळजाराम उभ्यानंच बोलला. बसायला कुणी सांगितलंच नव्हतं. औरादला बावीस वर्षं गाड्यांखाली पाठ घासलेला हा मिस्त्री ऑफिसात कधी आवाज चढवत नसे. पण आज त्याच्या खिशात दवाखान्याच्या गाड्या बघणाऱ्या या ऑफिसचा कागद होता. कन्नडातला. लेक पवित्रानं वाचून दाखवला होता: रेग्युलेटरचा दाब चुकीचा लावल्यानं व्हॅन वाटेत बंद पडली, या मेकॅनिककडं पुन्हा सरकारी गाडी देऊ नये.

व्हॅनमध्ये दम्यानं कासावीस झालेली कमलबाई होती. आत पेट्रोलचा वास, मागं काळा धूर. बिदरच्या अलीकडं इंजिन बसलं, तेव्हा ड्रायव्हर बंडेप्पानं म्हातारीला उचलून कांद्याच्या टेम्पोत घातलं. वाचली ती टेम्पोवाल्यामुळं.

इंजिनाला जाणाऱ्या पेट्रोलचा दाब सांभाळणारा तो रेग्युलेटर तुळजारामनंच निवडला होता. जुन्या व्हॅनला मूळचा मिळेना, म्हणून स्क्रूनं दाब कमीजास्त करता येणारा आणला. कुणी म्हणालं, मोठ्या इंजिनाचा घे, ताकद वाढंल. त्यानं ऐकलं नाही. या व्हॅनला तीनचा दाब लागतो, तर तीनवर नीट उभा राहणाराच घेतला. इंजिन चालू ठेवून रेग्युलेटरची बारीक हवेची नळी काढली, तिच्या तोंडावर बोट दाबलं, मीटरचा काटा तीनवर आणला, नट आवळला. मग बॉनेटच्या आत पिवळ्या रंगानं लिहिलं: 'नळी काढून ३'. पुढच्या मिस्त्रीला कळावं, ही त्याची रीतच होती.

त्यानंतर ऑफिसनं मात्र गाडी रस्त्यावर काढण्याआधी तपासणीला बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या मान्यताप्राप्त वर्कशॉपात धाडली. तिथल्यांनी ते पिवळं लिखाण थिनरनं पुसलं. सरकारी गाडीवर असलं काही शोभत नाही म्हणे.

"सर्टिफिकेट आहे का तुमच्याकडं, इंजिनिअरसाहेब?" साहेबानं हसत विचारलं.

"सर्टिफिकेट न्हाई. मीटर हाय. खाली चला."

व्हॅन आवारातच उभी होती, वाटेत बंद पडली त्या दिवसापासून कुणी हात न लावलेली. साहेब उतरले, त्यांच्या मागं टायपिस्ट श्रीदेवी आणि चहाचे कप हातात धरून चार कारकून. तुळजारामनं मीटर जोडला. बंडेप्पानं इंजिन चालू केलं. धूर सुटला तसे कारकून मागं सरकले.

"काटा किती दाखवायलाय, साहेब?"

"तीन. बरोबर तर आहे. मग ओरडायलात कामून?"

"नळी लावलेली हाय, साहेब. इंजिन तिच्यातनं हवा ओढतंय, म्हणून काटा खाली दिसतोय. मी सोडला तवा असा लावून बघितला असता तर अडीच दिसला असता. तुमच्या वर्कशॉपच्या माणसाला तेच दिसलं. त्याला वाटलं, मिस्त्री चुकला. फिरवला स्क्रू."

त्यानं नळी उपसली, तोंडावर अंगठा दाबला. काटा साडेतीनवर जाऊन थांबला.

"आता वाचा."

साहेबानं वाचलं नाही. श्रीदेवी वाकली. "साडेतीन हाय की, सर," ती म्हणाली.

"व्हय अक्का, साडेतीन. जास्तीचं पेट्रोल इंजिनाच्या नरड्यात. म्हातारीच्या नाकात त्याचाच वास गेला."

"लेखी अर्ज द्या," साहेब म्हणाले. "वरती पाठवू."

"माझं नाव टाकताना मला कुठं अर्ज मागितला होता?"

साहेबानं मोबाईल काढला. बंडेप्पानं किल्लीकडं हात नेला.

"बंद करू नको, बंडेप्पा." तुळजारामचा अंगठा नळीवरच होता. दुसऱ्या हातानं त्यानं खिशातला कागद काढून बॉनेटच्या कडेवर ठेवला. "साहेब, उद्या या गाडीत कुणाचीबी माय बसंल. स्क्रू ज्यानं फिरवला त्याचं नाव, हितं माझं हाय त्याच जागी लिहिणार का न्हाई? वरती नगं. हितंच, या माणसांसमोर सांगा."